आकडे, लिलाव आणि जामठा: खेळाच्या हिशेबाबद्दल नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. तेव्हापासून नागपुरात क्रिकेटवर बोलणारे वाढले आणि बोलताना आकडे तोंडावर फेकणारेही वाढले. त्या गप्पांत हमखास निघणारे प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरं संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या अंगाने दिली आहेत. गणित दहावीपर्यंतचं पुरे.

खेळाडू कसा आहे ते डोळ्यांना दिसतंच की. आकडेमोड कशाला?

समजा एका फलंदाजाची सरासरी ४० आहे आणि दुसऱ्याची ३६. रणजीच्या एका हंगामात दोघेही पंधरा-पंधरा वेळा बाद झाले, तर दोघांत फरक पडला ६० धावांचा. अख्ख्या हंगामात एका अर्धशतकाहून थोडा जास्त. तुम्ही प्रत्येक सामना स्टँडमध्ये बसून पाहिला तरी हा फरक जाणवणार नाही. लक्षात राहील तो एखादा षटकार आणि एखादा सुटलेला झेल. जाणकाराच्या नजरेला मी कमी लेखत नाही. पाय कुठे पडतो, उसळत्या चेंडूला नजर हटते का, हे स्कोअरबुकात सापडत नाही. पण हंगामभराची बेरीज नजरेकडून करून घेऊ नये.

करुण नायरची सरासरी ३८९.५० होती म्हणतात. हे खरं कसं मानायचं?

आकडा खरा आहे. २०२४-२५ च्या विजय हजारे एकदिवसीय स्पर्धेत विदर्भाच्या या कर्णधाराने आठ डावांत ७७९ धावा केल्या आणि तो बाद झाला फक्त दोनदा. सरासरी काढताना धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत, कितीदा बाद झाला त्याने भागतात. ७७९ भागिले २, म्हणजे ३८९.५०. आठ डावांनी भागलं तर ९७.३८ येतात.

यातलं बरोबर कुठलं? दोन्ही लंगडे आहेत. ९७ हा आकडा त्याच्यावर अन्याय करतो, कारण सहा डाव त्याच्या चुकीमुळे थांबलेले नाहीत. लक्ष्य गाठलं गेलं किंवा षटकं संपली. आणि ३८९ हा आकडा दोनच घटनांवर उभा आहे. तो तिसऱ्यांदा शून्यावर बाद झाला असता, तर एका चेंडूत सरासरी २५९.६७ वर आली असती. ज्या मापाला एक चेंडू एवढा हलवतो, त्यावर किती भार टाकायचा?

अशा अर्धवट राहिलेल्या नोंदींसाठी संख्याशास्त्रात जुनी रीत आहे. ती विमा आणि वैद्यकीय संशोधनातून आली. अभ्यास संपला तेव्हा रुग्ण हयात असेल, तर त्याचं आयुष्य 'किमान इतकं' एवढंच म्हणता येतं. नायरचं नाबाद १६३ हेही तसंच आहे, 'किमान १६३'. त्या रीतीने हिशेब करता येतो, पण दोनदाच बाद झालेल्या माणसाबद्दल ती रीतसुद्धा फार मोठा पल्ला सांगेल, नेमका आकडा नाही. त्या महिन्यात तो कुणाला बादच होत नव्हता, एवढं खात्रीने म्हणावं. त्यापुढे दशांश चिन्ह लावणं ही हौस आहे.

शतक ते शतक. त्यात खेळपट्टीचा हिशेब काय धरायचा?

नागपूरच्या जामठा स्टेडियमइतकं सोयीचं उदाहरण शोधून सापडणार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये इथे भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी झाली. चार डाव असे: २१५, ७९, १७३, १८५. एकूण ६५२ धावा आणि ४० बळी, म्हणजे एका बळीमागे १६.३ धावा. सामना तीन दिवसांत आटोपला आणि आयसीसीने खेळपट्टीला 'खराब' शेरा दिला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, त्याच मैदानावर श्रीलंका आली. श्रीलंका २०५, भारत ६ बाद ६१० वर घोषित, श्रीलंका १६६. एकूण ९८१ धावा, २६ बळी. एका बळीमागे ३७.७.

२०१५ च्या त्या सामन्यात कुणाचंच अर्धशतक झालं नाही. सर्वांत मोठी खेळी मुरली विजयची ४० धावांची. हे ४० त्या सामन्याच्या दराच्या जवळजवळ अडीचपट आहेत. २०१७ च्या दराने मोजले तर त्यांची किंमत ९२ धावांच्या आसपास जाते. वर्तमानपत्रात मात्र ४० म्हणजे 'चांगली सुरुवात वाया घालवली' आणि ९२ म्हणजे 'शतक हुकलं'.

गोलंदाजालाही हाच न्याय. अश्विनने त्या कसोटीत ९८ धावांत १२ बळी घेतले. खेळपट्टी फिरतच होती, मग त्याचं काय कौतुक, असं म्हणणारे इथे बरेच भेटतात. पण त्याला एक बळी ८.१७ धावांना पडला, सामन्याचा दर होता १६.३. खेळपट्टीने सगळ्यांना दिलं त्याच्या दुप्पट त्याने काढलं.

हा हिशेब ढोबळ आहे. त्यात अवांतर धावा धरल्या आहेत आणि समोरचा संघ किती तगडा होता ते धरलेलं नाही. तरी नुसत्या सरासरीपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे.

पदार्पणात १२ बळी घेणारा गोलंदाज भारीच असणार ना?

जामठ्यावरची पहिलीच कसोटी, नोव्हेंबर २००८. सौरव गांगुलीची ती शेवटची. ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणात ३५८ धावा देऊन १२ बळी घेतले, पहिल्या डावात एकट्याने आठ. त्यानंतर त्याला आणखी एकच कसोटी मिळाली. कारकिर्दीचे बळी १३.

तो वाईट गोलंदाज होता असं यातून निघत नाही. एका सामन्यातली कामगिरी म्हणजे कौशल्य अधिक त्या दिवसाचं नशीब, आणि ती जितकी टोकाची तितका नशिबाचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त. पुढच्या वेळी कौशल्य तेवढंच राहतं, नशीब मात्र नव्याने वाटलं जातं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टनने उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजून हेच दाखवलं: मुलं उंच असतात, पण सरासरीकडे थोडी झुकतात. 'फॉर्म गेला' म्हणून आपण ज्यांच्या नावाने बोटं मोडतो, त्यातले अनेक फक्त आपल्या नेहमीच्या जागी परतलेले असतात.

टी-ट्वेंटीत सरासरीला कुणी विचारत का नाही?

कारण तिथे टंचाई चेंडूंची आहे. १२० चेंडू आणि दहा गडी, म्हणजे एका गड्याच्या वाट्याला सरासरी १२ चेंडू. कसोटीत विकेट जपायची असते, इथे चेंडू जपायचा असतो. ३० चेंडूंत ३० करून नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगते आणि संघ हरतो.

चेंडू आणि गडी ही दोन साधनं एकत्र मोजण्याची कल्पना फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांची. १९९२ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात पावसामुळे दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ ऐवजी एका चेंडूत २१ धावा हव्यात असं ठरलं, आणि जुना नियम जगासमोर उघडा पडला. दोन्ही साधनं धरून लक्ष्य ठरवणारी नवी पद्धत १ जानेवारी १९९७ ला पहिल्यांदा वापरली गेली. पुढे स्टीव्हन स्टर्नने ती सुधारली म्हणून आता डीएलएस. जाता जाता: सप्टेंबर २०२२ मध्ये जामठ्यावर मैदान ओलं असल्याने भारत-ऑस्ट्रेलिया सामना आठ-आठ षटकांचा झाला, तेव्हा डीएलएस लागलाच नव्हता. दोघांनाही सुरुवातीपासून तेवढीच षटकं होती.

मंग रणजीत ६९ विकेटा काढणाऱ्याले कोटी काऊन नाही भेटत?

हा खरा नागपुरी प्रश्न. हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजीत ६९ बळी घेतले. एका हंगामातला तो विक्रम आहे. आधीचा ६८ चा होता. आता पैसे बघा. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांप्रमाणे रणजीत चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,००० रुपये मिळतात, नवख्याला ४०,०००. अनुभवी खेळाडूचा चार दिवसांचा सामना म्हणजे २ लाख ४० हजार. आयपीएलमध्ये २०२५ पासून प्रत्येक सामन्याला ७.५ लाखांचं नुसतं मानधन आहे, लिलावाची रक्कम वेगळी.

कष्ट रणजीत जास्त, पैसा आयपीएलमध्ये. कारण पैसा कष्टाच्या मागे जात नाही, बघणाऱ्यांच्या मागे जातो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. ते ४१० सामन्यांवर वाटले तर एका सामन्याचे ११८ कोटी होतात. रणजीच्या चौथ्या दिवशी जामठ्याच्या स्टँडमध्ये बसलेली माणसं मोजायला बोटं पुरतात.

अर्थशास्त्र विचारतं की हा खेळाडू आल्यामुळे मालकाच्या गल्ल्यात किती जास्त पडले. १९७४ मध्ये जेराल्ड स्कली या अर्थतज्ज्ञाने अमेरिकी बेसबॉलसाठी तो हिशेब मांडला. खेळाडू क्लबला जेवढं मिळवून देत होते त्याचा अगदी थोडा हिस्सा त्यांच्या हाती पडत होता, कारण करारांनी ते एकाच क्लबला बांधलेले होते.

दुसरी गोष्ट दुर्मिळतेची. मूळचा अमरावतीचा आणि विदर्भाकडून खेळलेला जितेश शर्मा २०२२ मध्ये पंजाबकडे २० लाखांत गेला. २०२५ च्या हंगामासाठी बंगळूरुने त्याला ११ कोटींना घेतलं. यष्टिरक्षण करून शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणारे भारतीय फार थोडे आहेत. त्याच हंगामात लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. डावखुरे फिरकी गोलंदाज आपल्याकडे प्रत्येक राज्यात दोन-तीन मिळतात. हर्षलाही त्या हंगामात सनरायझर्सने घेतलं, पण मध्येच, बदली खेळाडू म्हणून.

बाहेरचे खेळाडू आणून जिंकलं तर ते आपलं जिंकणं का?

भावनेचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. हिशेबाचं उत्तर असं, की पाहुण्या खेळाडूचं मोल शून्यापासून मोजायचं नसतं. त्याच्या जागी जो खेळला असता, त्याच्यापासून मोजायचं. वसीम जाफरने २०१८-१९ मध्ये विदर्भासाठी १०३७ धावा केल्या. तो नसता तर ती जागा रिकामी नव्हती. एखादा स्थानिक पोरगा खेळला असता आणि त्यानेही काही शे धावा केल्याच असत्या. जाफरचं मोल म्हणजे मधला फरक, अधिक ड्रेसिंग रूममध्ये पोरं त्याच्याकडून जे शिकली ते. हे दुसरं कुठल्याच तक्त्यात येत नाही.

माणसं उलटही जातात. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात कर्नाटकातून आलेल्या नायरने विदर्भासाठी ८६ आणि १३५ केल्या, तर आपला आदित्य सरवटे केरळकडून ७९ करून बसला. विदर्भ पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर जिंकला. सरवटे आणखी अर्धा तास टिकला असता तर काय, हे विचारायची आजही हिंमत होत नाही.

पंतला २७ कोटी देणं शहाणपणाचं होतं का?

काटोल-नरखेडकडे व्यापारी संत्र्याचा बगीचा उक्ता घेतात, तेव्हा फळं झाडावरच असतात. पाच जण अंदाज करतात. पाचही अनुभवी, अंदाजांची सरासरी बहुधा बरोबरच निघते. पण बगीचा मिळतो सर्वांत जास्त बोलणाऱ्याला, आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच बहुधा सर्वांत जास्त बोलतो. लिलाव जिंकणं हीच तुमचा अंदाज चढा असल्याची खूण. याला जेत्याचा शाप म्हणतात. तेलक्षेत्रांच्या लिलावांवर काम करणाऱ्या अमेरिकी अभियंत्यांनी १९७१ मध्ये तो मांडला.

पंतला २०२५ च्या हंगामासाठी घेणाऱ्या लखनौकडे १२० कोटींची पर्स होती, म्हणजे सगळ्या संघावर खर्चायची मर्यादा. त्यातले २७ म्हणजे साडेबावीस टक्के एका माणसावर. त्या हंगामात त्याने २६९ धावा केल्या, त्यातल्या ११८ शेवटच्या एका डावात. मात्र क्रेझाला लावलेला नियम इथेही लागतो: एका हंगामावरून माणूस वाईट ठरत नाही. माझा आक्षेप किमतीवर आहे. कप्तान, यष्टिरक्षक आणि चेहरा अशा तीन गोष्टी एकत्र घेतल्या हे मान्य; तरी उरलेल्या ९३ कोटींत बाकी सगळा संघ उभा करायचा होता, हे बोली लावताना विसरता येत नाही.

आयपीएल दरवर्षी एवढी चुरशीची होते. सगळं ठरवलेलं असतं का?

चुरस मोजता येते. समजा प्रत्येक सामना नाणं उडवून ठरवला. १४ सामन्यांत संघाला सरासरी ७ विजय मिळतील आणि विजयांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप) १४ च्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे १.८७ येईल. विजयाला दोन गुण, म्हणून गुणांत ३.७४.

आता खरे तक्ते. २०२४ मध्ये दहा संघांचे साखळी गुण होते २०, १७, १७, १४, १४, १४, १४, १२, १०, ८. प्रमाण विचलन ३.३. २०२५ मध्ये १९, १९, १८, १६, १५, १३, १२, १२, ८, ८. ते येतं ३.९. म्हणजे दोन्ही वर्षी गुणतक्ता नाणं उडवून काढल्यासारखाच दिसतो. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

यात कट नाही, रचना आहे. सगळ्यांना पर्स सारखी आणि दर काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन संघ मोडतात. जर्मनीच्या बुंडेसलीगा या फुटबॉल लीगमध्ये असं काही नाही. तिथे बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग अकरा विजेतेपदं मिळवली. निकाल आधीच ठाऊक असेल तर तिकीट कोण काढणार, हा मुद्दा सायमन रॉटेनबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्येच मांडला होता. पण याची दुसरी बाजूही बघा. संघ जर एवढे सारखे असतील, तर 'आमच्या प्रशिक्षकाच्या डावपेचांनी आम्ही चौथे आलो, ते सातवे' या बोलण्यात फारसा दम उरत नाही.

आकड्यांवरून फिक्सिंग पकडता येतं?

संशय घेता येतो. जपानी सुमोत एका स्पर्धेत १५ कुस्त्या असतात आणि आठ जिंकल्या तर मल्लाचा दर्जा वाढतो. मार्क डगन आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी २००२ मध्ये दाखवलं, की शेवटच्या दिवशी ७-७ वर असलेला मल्ल ८-६ वाल्याविरुद्ध सुमारे ८० टक्के वेळा जिंकत होता. अपेक्षा निम्म्याहून किंचित कमी होती. पुढच्या भेटीत तोच मल्ल त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ४० टक्क्यांवर यायचा. परतफेड! २०११ मध्ये मल्लांच्या मोबाइलवरचे संदेश सापडले आणि एक अख्खी स्पर्धा रद्द झाली. पुरावा अखेर मोबाइलनेच दिला. आकड्यांनी बोट कुठे दाखवायचं ते सांगितलं होतं.

जामठ्याला मोठा सामना झाला की नागपूरची चांदी होते ना?

सांगितली जाते त्याहून कमी. धरमपेठेतलं कुटुंब तिकिटांवर आणि स्टेडियममधल्या खाण्यावर जे खर्च करतं, ते बहुतेक त्या महिन्याच्या सिनेमा-हॉटेलच्या पैशांतूनच जातं. शहरात पैसा नवा येत नाही, सदरच्या हॉटेलांऐवजी जामठ्याला जातो. नवा पैसा आणतात ते रायपूर, अमरावती, चंद्रपूरहून येऊन मुक्काम करणारे. अमेरिकेत सरकारी पैशाने बांधलेल्या स्टेडियमांवर अर्थतज्ज्ञांनी बरंच काम केलं आहे आणि निष्कर्ष सहसा हाच निघतो. शिवाय जामठा वर्धा रोडवर शहराबाहेर. सामना सुटला की लोक खापरीच्या मेट्रोकडे किंवा गाडीकडे धावतात. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावरून निघालेला माणूस पायी सीताबर्डीत जाऊन काहीतरी खायचा तरी.

दिव्या देशमुख रेटिंगने खाली असून विश्वचषक कशी जिंकली? रेटिंग चुकतं का?

बुद्धिबळाचं रेटिंग अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने घडवलं; फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ते १९७० मध्ये स्वीकारलं. रेटिंग म्हणजे अपेक्षा. दोघांत ८० गुणांचा फरक असेल तर खालच्याने एका डावात सरासरी ०.३९ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत असं सूत्र सांगतं. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला अंतिम फेरीत दिव्या आणि कोनेरू हंपी यांच्यात साधारण एवढंच अंतर होतं. तिने वाटेत झू जिनर, हरिका आणि तान झोंगयी यांनाही हरवलं होतं. प्रत्येकीविरुद्ध ४० टक्के संधी धरली तर चौघींना ओळीने हरवण्याची शक्यता चाळीसात एक येते. अशक्य नाही, पण रेटिंगवर शंका घ्यावी एवढं दुर्मिळ आहे. आणि इथे शंका रास्त आहे: एकोणीस वर्षांची मुलगी झपाट्याने सुधारत असते, रेटिंग मात्र खेळून झालेल्या डावांवर बनतं, म्हणून ते मागे राहतं. त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी.

एवढं गणित येतं तर सट्ट्यात पैसे निघतील का?

नाही. दोन्ही बाजूंना १.९० चा भाव (जिंकल्यावर एका रुपयाचे १.९० परत) असेल तर बुकीने आधीच पाच टक्के कापून घेतले. वर पाहिलंच, की सामने नाण्यासारखे. तुम्ही नाण्यावर पैसे लावताय आणि दर वेळी फी भरताय. शिवाय तो गुन्हा आहे, आणि पैशांचे ऑनलाइन गेमही २०२५ च्या कायद्याने बंद झाले.

नागपुरात राहून हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

महागडा कोर्स घेऊ नका. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र असेल तर पाया आहेच. वाणिज्य शाखेच्या मुलांनाही प्रमाण विचलन आणि सहसंबंध येतो. क्रिकशीट या संकेतस्थळावर हजारो सामन्यांची चेंडूगणिक नोंद फुकट मिळते. एक्सेलमध्ये सुरू करा. फाइल जड व्हायला लागली की आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकी भाषा शिका. सबंध आयपीएल एकदम उतरवून घेऊ नका. जामठ्यावरचे सामने घ्या, प्रत्येकाचा धावा-प्रति-बळी दर काढा आणि विदर्भाच्या एकाच फलंदाजाच्या धावा त्या दराने भागून पाहा. एक सावधगिरी: वाइड चेंडू फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरत नाहीत, नो-बॉल धरतात. नवशिक्यांचा स्ट्राइक रेट अधिकृत आकड्याशी जुळत नाही तो बहुतेक वेळा इथेच.